धावपट्टीमागचे तापलेले दगड

माझी बायको लिगाया गेल्याचं मला कळलं, तेव्हा माणसं तिच्याभोवती नव्हती, दगडाभोवती होती. विमानतळाच्या कुंपणामागच्या वाटेवर ती पडलेली, शेजारी तळहाताएवढा काळा दगड. कुणीतरी हात लावून पाहिला. "गरम आहे."

उस्तिंग वैदू गुडघ्यावर बसला. "वडात राहणाऱ्या भुताचं काम आहे हे. धावपट्टीसाठी वड तोडला, त्याचा राग. थंडीच्या वाऱ्यात तो इथे दगड मारतो, पावसाळी वारा असला की डोंगरावर जातो. तेव्हा पडतात का दगड?"

"नाही पडत," चारचौघं म्हणाली. ते खरंच होतं.

लिगाया उस्तिंगच्याच सांगण्यावरून तिथे नैवेद्याचा भात ठेवायला गेली होती.

नवव्या दिवसाच्या प्रार्थनेआधी तो माझ्या मुलीला, रोवेनाला म्हणाला, "काळी कोंबडी घे, आई पडली त्या जागी बस. विमान गरजलं तरी हलायचं नाही."

मी तिला अडवू लागलो. ती म्हणाली, "ताताय, आईला कुठे अडवलंत?"

मी दगड घेऊन शाळेच्या फेलिसाबाईंकडे गेलो. बाईंनी तो उलटा केला. एक बाजू सपाट, डांबराची. मग त्या कोंबडी घेतलेल्या रोवेनाला, उस्तिंगला, आम्हा सगळ्यांना कुंपणापाशी घेऊन आल्या. आत धावपट्टीच्या टोकाचं डांबर उखडलं होतं. बाईंनी वाटेवर बांबू रोवला, त्याला पोतं बांधलं आणि आम्हाला लांब बाजूला उभं केलं.

विमान वळलं, शेपूट आमच्या वाटेकडे. आवाज चढला. पोतं आडवं झालं, बांबू कडकन मोडला, पलीकडच्या पत्र्यावर खडे वाजले.

"इंजिनाचा गरम झोत आहे हा, उखडलेलं डांबर उडवतो," बाई म्हणाल्या. "विमान वाऱ्याकडे तोंड करून उडतं. थंडीच्या वाऱ्यात शेपूट इकडे, पावसाळी वाऱ्यात दुसऱ्या टोकाकडे. डोंगरावर कुणी जात नाही."

"मग तिकडे कुणाला लागत नाहीत ते दगड?" उस्तिंगने विचारलं.

"तिकडे समुद्र आहे, मानोंग. मासे तक्रार घेऊन येत नाहीत."

"बांबू वडातल्यानेच मोडला," उस्तिंग म्हणाला.

"मग पुढच्या विमानाला तुम्हीच बसा तिथे. भात मी रांधते."

उस्तिंग पुढचं विमान यायच्या आत घरी गेला. रोवेनाने कोंबडीचे पाय सोडले.

लिगायाला मी अडवलं नव्हतं, कारण मलाही ते खरं वाटत होतं. म्हणून सांगतो, जिथे माणूस मरतो तिथे नैवेद्य नेण्याआधी, त्याला कशाने मारलं ते बघा.

विमानतळाच्या साहेबांना आम्ही तीन अर्ज दिले. टोकाचं डांबर अजून उखडलेलंच आहे, आणि झोत अडवणारी भिंत बांधलेली नाही.