चौदाव्या रांगेतला बाळपट्टा

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी विमान खाली उतरू लागले. चौदाव्या रांगेतले सात महिन्यांचे बाळ तेव्हा गाढ झोपेत होते आणि त्याला कोणीही उठवले नाही.

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. विमानात बाळ आईच्या किंवा बाबांच्या मांडीवर बसते, तेव्हा त्याच्या पोटाभोवती बांधतात तो. बाळाची जबाबदारी माझ्याकडे, आणि मला धरून ठेवण्याची मोठ्यांच्या पट्ट्याकडे.

माझा जन्म एका लांबट शेडमध्ये झाला. यंत्रावर माझी केशरी पट्टी विणली गेली आणि एका बाईने माझ्या टोकांना चौकोनी शिवण घातली, चौकोनात फुली. एक टाका चुकला तरी ती सगळी शिवण उसवायची. शेजारच्या मशीनवरची चिडवायची, "अगं, बाळ बसायचंय त्यात, हत्ती नाही!" ती मान वर न करता म्हणायची, "बाळ आहे म्हणूनच." आज माझा एकही टाका निघालेला नाही, ते तिच्यामुळे.

त्यानंतर नऊ वर्षे मी एकाच विमानात काढली. मागच्या बाजूच्या एका खणात आम्ही सहा पट्टे होतो. आमची मालकीण म्हणजे थोरल्या ताई. त्या हवाई सेविकांच्या प्रमुख. खाली उतरण्याआधी पायलटचा निरोप आला की त्या खण उघडून आम्हाला मोजायच्या. सहातले जितके कमी, तितकी बाळे विमानात. मग प्रत्येक बाळापाशी जाऊन सांगायच्या, "उठवा याला. काहीतरी प्यायला द्या."

यामागे कारण आहे. विमान खाली येताना हवेचा दाब वाढतो आणि कानाचा पडदा आत दाबला जातो. मोठी माणसे आवंढा गिळतात, जांभई देतात, कान मोकळा होतो. बाळाला हे कळत नाही आणि झोपेत ते फारसे गिळतही नाही. आई-बाबा मात्र कुरकुरायचे, "अहो, दीड तास लागला झोपवायला!" ताई म्हणायच्या, "मग उतरल्यावर मला हव्या तेवढ्या शिव्या द्या." नऊ वर्षांत शिव्या कोणी दिल्या नाहीत. आभार पुष्कळांनी मानले.

त्या दिवशी सकाळी तपासणीत माझ्यावरचे लेबल पुसट निघाले. नंबर वाचता येत नसेल, तर पट्टा वापरायचा नाही, असा नियम आहे. ताईंनी मला कार्यशाळेत पाठवायच्या पिशवीत टाकले आणि खणात माझ्या जागी नवा पट्टा ठेवला. मला वाईट वाटले, हे कबूल करतो.

विमानाचे दार बंद होता होता चौदाव्या रांगेतल्या त्या बाळाचे बाबा त्याला घेऊन धापा टाकत आत आले. खण मागच्या टोकाला, मधल्या वाटेत माणसे उभी, आणि पिशवी ताईंच्या हाताशी. घाईत त्यांनी मलाच काढून दिले. मला आनंद झाला. पण त्यामुळे मोजणी चुकली. दोन वाजता ताईंनी खण पाहिला. दोन पट्टे कमी होते, म्हणून त्या दोनच बाळांपाशी गेल्या. तिसऱ्याचा पट्टा खणातला नव्हताच.

या बाळाच्या उजव्या कानाला पंधरा दिवसांपूर्वी संसर्ग झाला होता. त्याची आई तीन आठवड्यांपासून नव्या नोकरीच्या गावी होती, तिच्याकडेच दोघे निघाले होते. डॉक्टरांनी विमानप्रवासाची परवानगी दिली होती, पण बजावले होते की बाळ गिळत राहिले पाहिजे. बाबांचा समज असा, की कान दुखतो तो वर चढताना, म्हणून त्यांनी जागेवर बसताच बाटली दिली. पण विमान जमिनीवरच चाळीस मिनिटे खोळंबले आणि चाके हलण्याआधीच बाटली रिकामी झाली. बाळ झोपले. शेजारी बसलेले शिंपीकाका हळूच म्हणाले, "सुटलात. आता हलवू नका."

दोन अठराला बाळ किंचाळत उठले. माझ्याखाली त्याचे पोट दगडासारखे घट्ट झाले. बाबांचा हात माझ्या बकलाकडे गेला. "पट्टा रुततोय का?"

काकांनी माझ्याखाली दोन बोटे घालून पाहिली. "छे, पट्टा बरोबर बसलाय. सोडू नका. शिवण बघा, काय जीव लावून घातलीय!" त्या गडबडीतही मला बरे वाटले.

ताई धावत आल्या. मला पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. "चूक माझी. मी तुम्हाला आधीच सांगायला यायला हवं होतं. दूध आहे?"

"संपलं. एका वेळची पावडर उरलीय."

उकळून कोमट केलेल्या पाण्यात त्यांनी दूध कालवून आणले. पण बाळ तोंड फिरवी आणि आणखी रडे.

"घेतच नाहीये हो," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "डॉक्टरांनी बजावलं होतं. आता त्याच्या आईला काय तोंड दाखवू?"

"तुमचं तोंड राहू द्या," काका म्हणाले, "आधी याचं बघा."

ताईंनी स्वच्छ चमचा आणला. "सरळ बसवा. रडता रडता थांबला, की थेंबभर. घाई नाही."

बाबा थेंब टाकू लागले आणि काका मोजू लागले. "एक. गिळलं! दोन. हे माझ्या शर्टावर. तीन. गिळलं, गिळलं!" अकराव्या थेंबाला बाळाने चमचा ढकलला आणि बाटलीकडे हात केला. तेवढ्यात विमान टेकण्याआधीची घंटा वाजली. ताईंना आपल्या जागी बसणे भाग होते. "चाकं टेकेपर्यंत पाजत राहा," त्या म्हणाल्या.

दोन छत्तीसला चाके टेकली. बाळ तेव्हाही दूध ओढत होते आणि त्याचे पोट माझ्याखाली पुन्हा मऊ झाले होते.

मित्रांनो, ताईंनी अहवालात आपली चूक आपल्या हाताने लिहिली. आता त्या खण बघून थांबत नाहीत, प्रत्येक रांगेतून फिरून बाळे मोजतात. मी कार्यशाळेच्या टेबलावर आहे. नवे लेबल मिळेल की मला मोडीत काढतील, हे ठरलेले नाही. माझी तक्रार नाही. शेकडो बाळांनी माझ्यावर लाळ गाळली, यापेक्षा पट्ट्याला आणखी काय हवे? एवढेच मागतो: तुमच्या घरचे तान्हे बाळ विमानात बसले, तर थोडे दूध उतरण्यासाठी राखून ठेवा. आणि झोपले असेल, तर मन घट्ट करून उठवा.

काल ताई कार्यशाळेत आल्या होत्या. त्या बाळाच्या बाबांचा निरोप त्यांनी इथल्या कारागिराला वाचून दाखवला. आधी आभार होते, मग बातमी. बाळाला ताप नाही, आईच्या कुशीत ते नीट दूध पिते, पण उजवा कान अधूनमधून ओढते. दात येत आहेत की कान दुखतो आहे, ते डॉक्टर उद्या सकाळी साडेदहाला तपासून सांगणार आहेत.