माहेरचं आइल

"ते आइल माझ्या गाडीत पडायचं न्हाई," अंगद म्हणाला आणि त्यानं हातातला पान्हा अंगणात फटफटीजवळच्या धुळीत टाकला.

दिपाली डबा धरून तशीच उभी राहिली. तिच्या भावानं, बबलूनं, परभणीहून मुद्दाम धाडलेला डबा. बबलू तिकडं एका साहेबाची चारचाकी चालवायचा. सिंथेटिक आइल हाय, इंजन लोण्यावानी चालंल, असं त्यानं फोनवर पुन्यापुन्यांदा सांगितलं होतं.

"काय वाईट हाय त्याच्यात?"

"आजवर साध्या आइलावर चालली की गाडी. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं."

दिपालीचं टाळकं सरकलं. "माझ्या माहेरचं काई आलं की तुमाला सलतंय. लुगडं आलं तर आखूड, आइल आलं तर वाईट."

अंगदनं जुनं आइल खाली सोडलं. मग त्यानं डबा घेतला आणि इंजनात ओतला.

सुरुवातीला गाडी खरंच गुळगुळीत पळाली. दिपाली मनातल्या मनात फुगली. पुढं एका दुपारी पहिलारू मेंढी अडली. कोकराचा एकच पाय बाहेर आलेला. अंगदनं हात घालून बघितलं, जमेना. जनावराचा दवाखाना पालमला. मेंढी घोंगडीत गुंडाळून दिपालीनं मांडीवर घेतली आणि दोघं निघाले.

ओढा आला. पलीकडं काळ्या रानातून उभा चढ. अंगदनं रेस दिली तसं इंजन नुसतंच बोंबललं, चाक पुढं सरकेना. जळका वास सुटला.

"काय झालं?"

"क्लच घसरायलाय. ते आइल टाकल्यापून वझं धरीना झालाय."

"मंग बोलला का न्हाई?"

"काय बोलू?"

दिपाली उतरली. मेंढी सीटवर आडवी टाकली. अंगदनं हँडल धरलं, तिनं एका हातानं मेंढी सावरत मागून रेटा लावला. ऊन डोक्यावर भाजत होतं, पायाखालची ढेकळं फुटत होती. मेंढी कण्हत होती. चढाच्या निम्म्यात ती कण्हायचीही थांबली. आता हा माहेर काढील, मग काढील, म्हणून दिपाली वाट बघत होती. तो काढीना. काढलं असतं तर बरं वाटलं असतं तिला.

दवाखान्यात मेंढी वाचली. कोकरू पोटातच गेलं होतं.

मग तिथल्याच नागनाथ मेस्त्रीकडं गेले. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि जुनं आइल सोडलं. "हे चारचाकीचं दिसतंय. आपल्या गाडीचा क्लच आइलातच बुडालेला असतो, ह्यानं घसरणारच त्यो. दोनचाकीचं सिंथेटिकबी हाय माझ्याकडं, साधंबी हाय. कंचं टाकू?"

अंगदनं दिपालीकडं बघितलं.

"साधं," ती म्हणाली.

तेवढ्यात बबलूचा फोन आला. "कशी पळायलीय गाडी, दाजी?"

"झ्याक," अंगद म्हणाला.

दिपालीनं त्याच्या हातातून फोन घेतला. "दादा, गाडी चढावर अडली. दवाखान्यात जाईस्तोवर कोकरू गेलं. चारचाकीचं आइल होतं त्ये."

"दाजी मला बोलले का न्हाई?" बबलूनं विचारलं.

"मलाबी बोलले न्हाईत," म्हणून तिनं फोन ठेवला.

अंगदनं किक मारली. मेंढी मांडीवर घेऊन दिपाली मागं बसली.

"भांडायचं तर भांडा," ती त्याच्या पाठीला म्हणाली, "पर बोलत जावा."

त्यानं मान हलवली. गाडी गावाकडं निघाली. मेंढीची कास दाटून आली होती आणि दुधानं दिपालीचं लुगडं ओलं व्हायला लागलं होतं.