लोहारा वेल वर्क्स

आबाराव सोलापूरहून आला तो थेट बहिणीच्या घरी. भिमाबाई दारात ज्वारी निवडत बसली होती.

"आक्का, वकील म्हणत्यात कागदं नव्यानं करावी लागतील. कंपनीला दोन माणसं लागतातच. दाजींच्या जागी तू चल."

"कवा?" एवढंच तिनं विचारलं.

"उद्याच्या गाडीनं."

"बरं," म्हणून ती पुन्हा खडे वेचू लागली.

पिराजी तिचा नवरा. बहात्तरच्या दुष्काळात तो आणि आबाराव सरकारी कामावर खडी फोडायला जात, तिथंच दोघं सुरुंग लावायला शिकले. दुष्काळ सरला तरी विहिरी खोल करायचं काम काही सरलं नाही. लोहाऱ्याच्या आसपास त्यांनी बरीच वर्षं ते केलं. मग सहकारी साखर कारखाना उभा राहायला लागला. सभासदांच्या विहिरींचं काम एकगठ्ठा द्यायचं ठरलं, पण ते नोंदलेल्या कंपनीलाच मिळणार होतं. पिराजीला तर कंपनी आधीपासूनच हवी होती. शेजारच्या एका गावात सुरुंगाचा दगड लागून एका माणसाचा पाय गेला होता आणि त्याच्या भरपाईपायी ठेकेदाराच्या घरावरचे पत्रेसुद्धा उतरवून नेले होते. "कंपनी केली की धंदा वेगळा, घर वेगळं," असं तो भिमाबाईला समजावून सांगायचा. त्यानं आणि आबारावनं कागदांवर सह्या केल्या. ते कागद नोंदणीसाठी मुंबईला जायच्या आतच एका विहिरीत सुरुंग उडाला नाही. काय झालं ते बघायला पिराजी खाली उतरला, आणि मग सुरुंग उडाला.

जलदानविधी झाला. पाहुणे आले, रडले, गेले. भिमाबाईच्या डोळ्याला पाणी आलं नाही. दगड झाली बाई, असं शेजारणी आपसात बोलायच्या. तिला ते ऐकू यायचं. पण दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय, असं तिला वाटायचं.

सोलापुरात गुरुसिद्धप्पा वकिलांनी तिला खुर्ची दिली. माणूस भला होता. त्यांनी एकेक गोष्ट सावकाश सांगितली. कंपनी म्हणजे कायद्याच्या लेखी वेगळाच माणूस. तुमचा जेवढा भाग, तेवढीच तुमची जबाबदारी. त्यापलीकडं तुमच्या घराला कुणी हात लावू शकत नाही.

भिमाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे कामावर कुणी मेलं, तर कुणाला इचारायचं?"

"कंपनीला."

"आन् कंपनी म्हंजे कोण?"

"चालवणारे तुम्ही दोघंच, बाई."

"मग आमच्या मालकांचं कुणाला इचारायचं?"

"तेव्हा कंपनी झालेली नव्हती." वकिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तेव्हा ती दोघांची भागीदारी होती."

आबाराव खाली फरशीकडं बघत राहिला. मग वकिलांनी कंपनीच्या नावाचा विषय काढला. आबारावनं ते ठरवूनच आणलं होतं. पिराजी वेल वर्क्स. वेल म्हणजे इंग्रजीत विहीर.

"त्येंचं नाव नगं," भिमाबाई म्हणाली.

"का गं आक्का? तेवढीच आठवण ऱ्हाईल."

"कोनबी उठंल आन् त्या नावानं शिव्या घालील. काम लांबलं म्हणून, पाणी लागलं न्हाय म्हणून. गावाचं नाव लाव."

वकिलांनी लोहारा वेल वर्क्स असं लिहिलं. त्यांनी दाखवलं तिथं तिथं तिनं सही केली.

स्टँडवर गाडीला उशीर होता. आबाराव तिच्याजवळ बाकड्यावर बसला. बराच वेळ तो हातातली पिशवी चाळवत राहिला, आणि मग एकदम म्हणाला, "आक्का, त्या दिशी म्याच म्हणलं त्येन्ला. जाऊन बघा म्हणून. शेतकरी घाई करत हुता..."

"ठावं हाय मला."

"कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगाय पायजे? ते कवाच आपल्या मनानं उतरत न्हवते."

तो तोंडावर उपरणं धरून रडायला लागला. येणारेजाणारे वळून बघत होते. त्याच्या पाठीवरून हात फिरवावा असं भिमाबाईच्या मनात आलं, पण हात मांडीवरून उचललाच गेला नाही. राग यावा, निदान राग तरी यावा, म्हणून तिनं वाट बघितली. तोही आला नाही. लोहाऱ्याची गाडी लागल्यावर ती उठली आणि म्हणाली, "चल, जागा धर."

पावसाळ्याच्या तोंडाला मुंबईहून नोंदणीचा दाखला आला. कंपनीची पहिली सभा घ्यावी लागते, असं वकिलांनी कळवलं होतं. ती भिमाबाईच्या स्वयंपाकघरात झाली. चुलीवर डाळ शिजत होती. आबाराव मांडीवर वही घेऊन बसला. अध्यक्ष कोण, यावर त्यानं न विचारताच बहिणीचं नाव लिहिलं.

"पयला ठराव काय घालायचा? कारखान्याचं काम घ्यायचं, आसं लिहू?"

"त्ये मागनं लिव्ह. आधी ह्ये लिव्ह. सुरुंग उडाला न्हाय, तर त्या दिशी हिरीत कुणीबी उतरायचं न्हाय. दुसऱ्या दिशी ऊन वर आल्यावर बघायचं."

"आक्का, शेतकरी थांबत न्हाईत. काम दुसऱ्याला देत्याल."

"देऊ दे."

"कारखान्याचा साहेबच उभा ऱ्हायला तर?"

"त्याला म्हणावं, कंपनीचा ठराव हाय."

त्यानं लिहिलं आणि वाचून दाखवलं. तिनं सही केली आणि उठून डाळ घोटायला घेतली.

काम सुरू झालं तशी तीही विहिरीवर जाऊ लागली. लांब बाभळीच्या सावलीला बसायची आणि लावलेल्या सुरुंगांचे आवाज मोजायची. एकदा एक आवाज कमी आला. शेताचा मालक मोठा बागायतदार होता, तो तोंडाला येईल ते बोलला. कामावरच्या पोरांकडं बघून आबारावही चुळबुळला. भिमाबाई जाऊन विहिरीच्या काठावर बसून राहिली, मालकाचं बोलणं संपलं तरी उठली नाही. शेवटी पोरांनी दोर गुंडाळले. ते काम कंपनीच्या हातचं गेलं.

परतताना आबाराव म्हणाला, "चांगलं झालं, आक्का."

"व्हय," ती म्हणाली. चांगलं झालं हे तिला कळत होतं. पण तसं वाटत मात्र अजून काही नव्हतं.