डॉक्टर भटनागरांचं दुसरं वाक्य

सोमवारी संध्याकाळी मालिकेची वेळ झाली की तारामती सिस्टर पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात एक चक्कर मारत. हातात औषधांचा ट्रे नसे. "उशा घ्या, उशा," एवढंच म्हणत त्या खाटांमधून फिरत. मग पोटाला टाके पडलेले सगळे, तरुण आणि म्हातारे, उशी पोटाशी धरून टीव्हीकडे तोंड करून बसत. खोकला किंवा हसू आलं की उशी टाक्यांवर दाबून धरायची, हे ऑपरेशनच्या आधीच शिकवलेलं असे. सोमवारी खोकणाऱ्यांपेक्षा हसणारे जास्त असत, म्हणून ही खास चक्कर.

मालिकेचं नाव होतं 'नब्ज ठीक है'. एका इस्पितळातल्या डॉक्टरांची विनोदी मालिका. जयपूरच्या रेल्वे इस्पितळातले पेशंट ती इतक्या आवडीनं पाहत, की आपण स्वतः कुठे पडलो आहोत याचा त्यांना तेवढ्यापुरता विसर पडे.

खिडकीजवळच्या खाटेवरच्या दिनकरराव खेरांनी मात्र उशी घेतली नव्हती. त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं.

"काकाजी, तुमची उशी?" तारामती सिस्टर मूळच्या नागपूरच्या. वॉर्डात मराठी पेशंट आला की त्यांचा आवाज बदले.

"मी वाचत पडतो. मला हसू येणार नाही."

"असं सगळेच म्हन्तेत. मंग टाका तुटला तं सायेब मलेच बोलतीन." त्यांनी उशी त्यांच्या पोटावर ठेवली आणि पुढे गेल्या.

दिनकररावांनी ही मालिका कधीच पाहिली नव्हती. ती त्यांची मुलगी मिताली मुंबईला बसून लिहीत असे, हे त्याचं कारण. जयपुरातल्याच खातीपुऱ्याच्या घरी दर सोमवारी मीनाक्षीबाई टीव्हीचा आवाज वाढवून बसत आणि दिनकरराव पुस्तक घेऊन व्हरांड्यात जात. "अहो, आपल्या मुलीनं लिहिलंय, निदान एकदा तरी बघा," असं मीनाक्षीबाईंनी बरेच दिवस सांगून पाहिलं, मग सोडून दिलं. त्यांना वाटे, मुलीनं मेडिकल अर्धवट सोडलं म्हणून यांचा राग आहे. राग नव्हता. मुलीचं लिखाण आपल्याला आवडलं नाही तर तिला काय सांगायचं, आणि आवडलं तर ते कुठल्या शब्दांत सांगायचं, या दोन्ही भीती त्यांना सारख्याच मोठ्या वाटत.

वॉर्डात व्हरांडा नव्हता. पुस्तक समोर धरलं तरी कान बंद करता येत नव्हते.

मालिकेत डॉक्टर भटनागर नावाचे एक म्हातारे डॉक्टर होते. बारीक, वाकलेले, खिशात दोन चष्मे. ते आले की वॉर्डात आधीच खसखस पिके. पेशंटला तपासून, पुस्तकं चाळून, दोनदा विचार करून ते रोगाचं नाव सांगत. पेशंटचा जीव भांड्यात पडे. दारापर्यंत जाऊन ते मागे वळत आणि म्हणत, "वैसे, मैं गलत भी हो सकता हूं."

वॉर्ड हसून लोटपोट झाला. उशा दाबल्या गेल्या. कोणी "हाय राम" म्हणालं, कोणी कण्हत कण्हत हसलं. दिनकररावांच्या हातातलं पुस्तक मिटलं.

हे वाक्य त्यांचं होतं. रेल्वेच्या नियम विभागात त्यांची सगळी नोकरी गेली. रजेचा, बदलीचा, पेन्शनचा नियम विचारायला साहेब लोकसुद्धा त्यांच्या टेबलापाशी येत. दिनकरराव नियम सांगत आणि शेवटी, ऑफिसात हिंदीतून आणि घरी मराठीतून, जोडून देत, "अर्थात, माझं चुकतही असेल." मीनाक्षीबाईंना मागणी घालतानाही ते तसंच काहीतरी बोलले होते, असं त्या चारचौघांत सांगत.

तेवढ्यानं भागलं नाही. पुढच्या प्रसंगात एक तरुण डॉक्टरीण भटनागरांना इस्पितळाच्या गच्चीवर गाठते आणि विचारते, "सर, मी हे सगळं सोडून देऊ का?" भटनागर खूप वेळ पाण्याच्या टाकीकडे बघत राहतात. मग म्हणतात, "सोडू नकोस." मुलगी मान डोलावते. भटनागर जिन्याकडे जातात, थांबतात, वळतात.

ते काय म्हणणार हे सगळ्या वॉर्डाला माहीत होतं. ते म्हणण्याआधीच हशा उसळला.

मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला असताना मितालीनं हेच त्यांना जयपूरजवळच्या कानोत्याच्या धरणावर विचारलं होतं. महाराष्ट्र मंडळाची सहल होती, मीनाक्षीबाई बायकांबरोबर भाकरी वाढत होत्या. तिथे टाकीऐवजी धरणाचं पाणी होतं. बाकी काहीही बदललेलं नव्हतं.

दिनकरराव भिंतीकडे वळून झोपले. आपल्या आयुष्यातलं सगळ्यात गंभीर बोलणं मुलीनं हसण्यासाठी विकलं, असं त्यांच्या मनात आलं. आपण तिच्या डोळ्यांना असेच दिसत आलो का, एवढाच प्रश्न मग उरला. तो विचारायचा कोणाला? मिताली दुसऱ्याच दिवशी मुंबईहून त्यांना भेटायला येणार होती.

सकाळी तरुण सर्जन राउंडला आले. त्यांनी टाके पाहिले आणि विचारलं, "बाबूजी, दर्द कैसा है?"

"कल से कम है," दिनकरराव म्हणाले. मग इतक्या वर्षांची सवय जिभेवर आली. "वैसे, मैं गलत भी हो सकता हूं."

मग सगळा वॉर्ड फुटला. उशा शोधायलाही कोणाला वेळ मिळाला नाही. सर्जन हसले, बरोबरचे ज्युनिअर हसले. शेजारच्या खाटेवरचा सुखदेव, चौमूंजवळच्या एका रेल्वे फाटकावरचा गेटमन, अपेंडिक्सचे टाके दोन्ही हातांनी धरून म्हणाला, "वाह बाबूजी! हूबहू भटनागर! आप तो छुपे रुस्तम निकले!"

"टीव्हीवाले से भी अच्छी नकल करते हो," पलीकडून कोणीतरी म्हणालं.

नक्कल! दिनकरराव लाजून कानापर्यंत लाल झाले. आता आपलं वाक्यही आपलं राहिलं नाही. यापुढे जन्मभर ते वाक्य उसनं वाटणार.

दुपारी भेटीच्या वेळी मीनाक्षीबाई आणि मिताली आल्या. मीनाक्षीबाईंनी डबा उघडून मऊ भात काढला. मिताली खाटेच्या कडेला बसली. तिशीची झाली होती, केस कापले होते, खाली वाकून बघायची लकब मात्र तीच.

"बाबा, दुखतंय का?"

"नाही." पुढचं वाक्य त्यांनी गिळलं.

मितालीच्या ते लक्षात आलं. "काय झालं?"

"काही नाही."

"तेरे बाबूजी कमाल हैं," सुखदेव शेजारून बोलला. "सुबह भटनागर की ऐसी नकल की, मेरे तो टांके हिल गए."

मितालीनं आईकडे पाहिलं, आईनं भाताकडे. "बाबा, तुम्ही बघितलीत? कालची?"

"कानावर पडली."

मग दिनकरराव, खिडकीकडे बघत, म्हणाले, "लोक फार हसतात गं त्याला."

"हसतात ना."

"कानोत्याला तू हसली नव्हतीस."

"नव्हते." मितालीनं त्यांची चादर उगाचच नीट केली. "बाबा, मतलब, तुम्हाला वाटतंय मी तुमची टिंगल केली."

दिनकररावांनी चादर पुन्हा छातीपर्यंत ओढली.

"त्या दिवशी तुम्ही म्हणालात, सोडू नकोस. तेवढंच बोलून थांबला असतात ना, तर मी सोडलं नसतं. तुमचा शब्द मोडून कुठं जाणार होते मी? मग तुम्ही दुसरं वाक्य बोललात. मी त्या दुसऱ्या वाक्यावर सोडलं. माझ्या वर्गातल्या कुणाच्याच वडिलांना ते वाक्य येत नव्हतं."

"ते आपलं सवयीनं..."

"असेल. मला ते पुरलं."

सुखदेवला मराठी कळत नव्हतं, पण भटनागरांचंच चाललंय हे कळत होतं. तो म्हणाला, "बिटिया, एक बात बताऊं? उस पूरे अस्पताल में पेट कटवाना हो तो मैं भटनागर से ही कटवाऊंगा. बाकी सब तो एक बार देखके छुरी चला दें. वो दो बार देखेगा."

"बघा," मिताली म्हणाली.

मीनाक्षीबाईंनी भाताची वाटी नवऱ्याच्या हातात दिली. "मी किती दिवस सांगत होते, एकदा बघा म्हणून. घरातला भटनागर व्हरांड्यात बसायचा आणि मी एकटी टीव्हीवरचा बघायचे."

दिनकररावांनी दोन घास खाल्ले. वाटी खाली ठेवली. मुलीचं लिखाण आवडलं तर कुठल्या शब्दांत सांगायचं, हा प्रश्न अजून सुटलेला नव्हता. त्यांनी जे सुचलं ते सांगितलं.

"तुमचा तो नट आहे ना, तो ते वाक्य लोकांकडे बघून म्हणतो. मोठ्यानं."

"मग?"

"असं बोलणारा माणूस कोणाकडे बघत नाही. तो दाराच्या कडीकडे बघतो. आणि हळू बोलतो. निम्मं तर ऐकूही जाऊ नये असं."

मितालीनं हे नीट ऐकून घेतलं. "सांगते त्याला. पुढच्या भागात बदलू."

दिनकररावांनी मान हलवली. मग त्यांची नजर आपोआप दाराच्या कडीकडे गेली आणि ओठ हलले. मितालीनं पायथ्याशी पडलेली उशी उचलून त्यांच्या पोटावर ठेवली. आधी तीच हसली. मग मीनाक्षीबाई. मग दिनकररावांनी दोन्ही हातांनी उशी घट्ट दाबून धरली.