डावीकडचे पक्षी

माझ्या थोरल्या जाऊबाई एकवीस वर्षं शाळेची बस चालवत होत्या, आणि एवढ्या काळात त्यांनी कुणाकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. म्हणून एका रविवारी सकाळी त्या खालच्या मजल्यावरून वर आल्या आणि म्हणाल्या, "अगं, तो आपला जुना गेम आहे का अजून?" तेव्हा मी शिलाई मशीनवरून उठलेच.

गेम होता. माझ्या लग्नानंतर पहिल्याच वर्षी आमच्या नवऱ्यांनी, दोघा भावांनी, हौसेनं आणलेला. भावांची हौस महिन्याभरात फिटली. आम्हा दोघी जावांची सहा वर्षं टिकली. दुपारी मुलं झोपली की आम्ही टीव्हीसमोर मांडी घालून बसायचो. पडद्याच्या मधोमध एक टपालाचं विमान, दोन्ही बाजूंनी येणारे पक्षी, आणि बटण दाबलं की विमान टुणकन वर. एवढाच खेळ. पण त्यात ताईंचा हात कुणी धरू शकत नसे.

खोकं कपाटावरून काढलं, धूळ पुसली. त्याच्या तीन वायरी, पिवळी, लाल आणि पांढरी. भिंतीवरच्या टीव्हीच्या पाठीमागे हात घालून मी चाचपत राहिले, पण गोल भोक एकही सापडेना, सगळी चपटी. शेवटी कोपऱ्यावरच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्यानं काड्यापेटीएवढी एक डबी दिली. "एका बाजूनं जुन्या वायरी घाला, दुसरीकडून नवी काढा," म्हणाला. घातली, काढली, आणि चित्र आलं. विमान आडवं ताणलं जाऊन बेडकासारखं फुगलेलं दिसत होतं. मला हसू आलं. ताई हसल्या नाहीत.

त्यांनी कंट्रोलर हातात घेतला आणि पहिल्याच पक्ष्यावर आपटल्या. मग दुसऱ्यांदा. मग दहा-बारा वेळा. शेवटी कंट्रोलर सोफ्यावर ठेवून त्या म्हणाल्या, "झालं. जे कळायचं होतं ते कळलं."

"काय कळलं?"

"परवा वळणावर एक सायकलवाला माझ्या बसखाली येता येता वाचला. मागून मदतनीस बाई ओरडली म्हणून ब्रेक लागला, नाहीतर मला तो दिसायच्या आतच... माझे हात मंदावलेत. उद्या राजीनामा देते."

"अहो ताई, एका खेळावरून कुणी नोकरी सोडतं का?"

"माझ्या मागे चाळीस मुलं बसलेली असतात," एवढं बोलून त्या खाली निघून गेल्या.

मग मी खेळून पाहिलं. मीही पहिल्याच पक्ष्यावर आपटले. सवय गेली, असं आधी वाटलं. पण माझं आयुष्य मशीनवर गेलंय. पाय दाबला की सुई कधी खाली यायला हवी, हे मला झोपेतही कळतं. पट्टा सैल झाला की पाय पुढे जातो आणि सुई मागून येते. इथं तेच होत होतं. बटणाचा आवाज आधी, विमानाची उडी नंतर. मी मोबाईल उशीला टेकवून ठेवला आणि माझा अंगठा न् टीव्ही दोन्ही दिसतील असा संथ गतीचा व्हिडिओ काढला. त्यात स्पष्ट दिसत होतं. अंगठा दाबला गेला. विमान जागच्या जागी. पक्षी आपटला. आणि मग विमान वर गेलं.

दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "वहिनी, नवा टीव्ही आलेलं चित्र तसंच दाखवत नाही. मोठं करतो, गुळगुळीत करतो, मग दाखवतो. त्यात वेळ जातो. सेटिंगमध्ये गेम मोड असेल, तो लावा. उशीर अगदी शून्य नाही होणार, पण जाणवणार नाही."

लावला. अंगठा आणि विमान बरोबर चालायला लागले. मी जिन्यातूनच ताईंना हाक मारली.

"नाचता येईना अंगण वाकडं," वर येता येता त्या म्हणाल्या.

"या वेळी अंगण खरंच वाकडं आहे, ताई. हे बघा."

त्यांनी व्हिडिओ तीनदा पाहिला. मग खाली बसल्या आणि खेळायला लागल्या. पंधरा पक्षी चुकवले, वीस चुकवले. बोटं जुनी वाट आपोआप शोधत होती. त्यांचा चेहरा खुलला तसा माझाही खुलला. जणू मीच टीव्ही बनवला होता.

पण विमान पडत होतंच. पाचव्या-सहाव्या खेळाला माझ्या लक्षात आलं की उजवीकडचा पक्षी त्यांना एकदाही लागला नव्हता. पडत होत्या त्या डावीकडून, खालच्या अंगानं येणाऱ्या पक्ष्यांमुळे. आणि तिथं बटण उशिरा दाबलं जात नव्हतं. दाबलंच जात नव्हतं.

"म्हणजे उद्या गाडीवर जायला हरकत नाही," असं म्हणत त्या हसतमुखानं खाली गेल्या. मी पुन्हा मशीनवर बसले.

दुपारभर माझं कामात लक्ष नव्हतं. एका पँटची शिवण दोनदा उसवली. जावाजावांचं नातं काचेच्या भांड्यासारखं. आम्ही ते इतकी वर्षं जपून वापरलं होतं. मी बोलले आणि ते खोटं निघालं, तर आयुष्यभर ऐकून घ्यावं लागणार. नाही बोलले, तर सकाळी सातला बस निघणार. संध्याकाळी मी खाली गेले. ताई चहा घेत होत्या.

"तो सायकलवाला कुठल्या बाजूनं आला होता?"

"डावीकडून. का गं?"

मी सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा कडक झाला. "सकाळी म्हणालीस टीव्हीचा दोष. आता म्हणतेस माझा. एक काय ते ठरव."

"आधी सगळेच पक्षी लागत होते, म्हणून हे दिसत नव्हतं, ताई."

त्यांनी कप खाली ठेवला. मग फोन उचलून बसच्या ऑफिसला कळवलं, की आठवडाभर येता येणार नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना एका पांढऱ्या गोल यंत्रासमोर बसवलं. उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. डाव्या बाजूच्या खालच्या ठिपक्यांना ताईंनी एकदाही बटण दाबलं नाही, दोन्ही डोळ्यांनी. पुढे मेंदूचा स्कॅन झाला. रक्ताची एक बारीकशी गुठळी कधीतरी तिथं येऊन, आपलं काम करून गेली होती. ताईंना आठवलं, दोनेक महिन्यांपूर्वी दोन दिवस डोकं ठणकत होतं. गोळी खाऊन कामावर गेल्या होत्या. मेंदूचे डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येईलच असं नाही, पण पुढचा झटका टाळता येईल. गोळ्या लिहून दिल्या. गाडी मात्र बंद.

अकरा दिवस ताई माझ्याशी बोलल्या नाहीत. घरातले सगळे म्हणत होते, तू वेळेवर सांगितलंस म्हणून निभावलं. मला ते पटायचं, पण समाधान वाटायचं नाही. जिन्यात समोरासमोर आलो की त्या बाजूला व्हायच्या आणि मी खाली मान घालून निघून जायचे. एकवीस वर्षांचं स्टिअरिंग माझ्या एका वाक्यानं त्यांच्या हातातून सुटलं होतं.

बाराव्या दिवशी त्या वर आल्या. हातात गणवेशाचा निळा कोट होता. तो त्यांनी माझ्या मशीनवर ठेवला.

"याच्या बाह्या कमी कर. माझ्या जागी आलेली पोरगी बुटकी आहे. महिनाभर तिच्याशेजारी बसून तिला रस्ता दाखवायचं काम दिलंय मला. नंतर बाकीच्या नव्यांना."

मी कोट उलगडला. कोपरावर झिजला होता, बाकी चांगला होता.

"राग गेला का, ताई?"

"गेला नाही," त्या खुर्ची ओढून बसल्या. "कमी झालाय. मला स्वतःला ते दिसायला हवं होतं, याचा जास्त आलाय."

"दिसत नव्हतं म्हणूनच तर..."

"कळतंय गं मला," त्या म्हणाल्या, आणि किंचित हसल्या. "पोरगी चांगली चालवते. आरशात जरा कमी बघते, तेवढं शिकवायचंय."

मी टेप घेतली. "बाह्या किती कमी करू?"

"चार बोटं. आणि सोमवारच्या आत दे, तिला सकाळी गारठा लागतो."