डाव्या हाताचा धूम्रनाथ

मित्रांनो, मी एक जुना शिळाछापाचा दगड आहे. सध्या अकोल्याजवळच्या एका भाजीमळ्यात विहिरीच्या काठावर पडून असतो आणि माझ्यावर मुळे धुतले जातात. मुळ्यांबद्दल माझी काही तक्रार नाही. पण एके काळी माझ्या अंगावरून डोंगर, किल्ले, वाघ आणि एक फार मोठा दुष्ट माणूस कागदावर उतरत असे. त्या दुष्टासाठी चांगली शहाणीसुरती माणसे ओट्यावर बसून भांडत असत. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म जर्मनी देशातल्या एका खाणीतला. मला कापले, घासले, पेंढ्यात गुंडाळले आणि बोटीत चढवले. मुंबईहून मालगाडीने मी अकोल्याला आलो. तेव्हा राज्य इंग्रजांचे होते आणि आपला वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता. स्टेशनावरून मला बैलगाडीत घातले तेव्हा गाडीवान म्हणाला, "हा काय दगूड हाय? आपल्या इथं दगडं कमी हायेत का?" माझा वऱ्हाडातला पहिला सत्कार हा असा झाला.

छापखाना गोपाळकृष्णपंतांचा होता. घराणे वकिलांचे, पण पंतांना कोर्टापेक्षा गोष्टींचा नाद. ते दर महिन्याला 'नवलचित्रे' नावाचे एक पातळ पुस्तक काढत. त्यात मजकूर थोडा आणि चित्रे फार. अमृतसेन नावाचा एक शूर तरुण आणि त्याचा वैरी धूम्रनाथ यांची गोष्ट त्यात चाले. धूम्रनाथ गाविलगडावर राही, धुरातून येई, तिजोऱ्या फोडी आणि धुरातच नाहीसा होई. अमृतसेन त्याला पकडायला निघे आणि दर महिन्याला शेवटच्या पानावर तो हातचा निसटे. खरे सांगू का? अमृतसेनाचा चेहरा मला आज आठवत नाही. धूम्रनाथाची मात्र मिशीसुद्धा आठवते.

ही चित्रे उत्तमराव काढत. ते मूळचे अचलपूरचे, फुलांचे मळे असलेल्या घरातले. वडिलांना मुलाने हार गुंफावेत असे वाटे आणि मुलाला चित्रे काढावीशी वाटत. त्यावरून दोघांचे इतके बिनसले की उत्तमराव अकोल्याला निघून आले. जाताना वडील म्हणाले होते, "पोट भरलं नाई म्हंजे येशीन वापस." उत्तमराव हे वाक्य कधी विसरले नाहीत.

आता आमच्या कामाची रीत सांगतो, म्हणजे पुढचे कळेल. माझ्यावर तेलकट खडूने चित्र काढतात. मग पाण्याचा बोळा फिरवतात. जिथे खडू आहे तिथे पाणी ठरत नाही, म्हणून शाईचा रूळ फिरवला की शाई तेवढ्या चित्रालाच धरते. वर कागद ठेवून दाबला की झाले. मात्र कागदावर सगळे उलटे उमटते. उजवा हात डावा होतो आणि डावा उजवा. म्हणून माझ्यावर चित्र आधीच उलटे काढावे लागते. उत्तमराव अक्षरे तर डोळे मिटून उलटी लिहीत, पण माणसे काढताना शेजारी एक आरसा ठेवत. कागदावरचे कच्चे चित्र आरशात पाहायचे आणि आरशातले माझ्यावर उतरवायचे. छपाई संपली की वाळू आणि पाणी टाकून मला घासत, की मी पुन्हा कोरा. मला त्याचे वाईट वाटत नसे. पुढच्या महिन्याला काय येणार, याचीच उत्सुकता जास्त असे.

बाजाराच्या दिवशी छापखान्याच्या ओट्यावर मैफल जमे. तिचे दोन खांब होते. एक किसनराव, वांगी आणि मेथी विकणारे. त्यांना वाचता येत नसे, पण चित्र असे बारकाईने पाहत की उत्तमरावांनाही धाक वाटे. दुसरे केशवराव, शाळेत मास्तर. ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवत. केशवरावांचे मेहुणे अमरावतीला होते. तिथे हरिहरपंत नावाचे गृहस्थ असेच दुसरे पुस्तक काढत आणि मेहुणे ते न चुकता पाठवत. त्यातली दुष्ट बाई म्हणजे काजळराणी. ती परतवाड्याच्या वरच्या डोंगरात गुहेत राही. तिच्याजवळ एक आरसा होता. त्यात जो पाही त्याची पडछाया आरशातून बाहेर येई आणि राणीची चाकरी करी.

किसनराव धूम्रनाथाचे आणि केशवराव काजळराणीचे. वाद दर आठवड्याला नव्याने सुरू होई.

"तुमचा धूम्रनाथ तिजोऱ्या फोडतो," केशवराव म्हणत. "आमची राणी जागची न हलता राज्य घेते. दुष्टपणालाही डोकं लागतं, किसनराव."

"डोकं हाय, पण हिंमत नाई," किसनराव म्हणत. "आमचा माणूस सोता जाते. दुसऱ्याच्या पडछाया नाई धाडत. अन् गरिबाच्या घरात कधी शिरला का तो? दाखवा मले कोन्या पानावर."

मग किसनराव आपला आवडता प्रश्न काढत. "मास्तर, एक सांगा. हा गाविलगडावर, ते परतवाड्याच्या वर. दोघं एकाच डोंगरात ऱ्हायतात. मंग या दोघायची गाठ काहून नाई पडत? बाजाराले तरी उतरत असतीन."

"अहो, त्या दोन वेगळ्या छापखान्यांच्या गोष्टी आहेत."

"छापखाने दोन असतीन. डोंगर तं एकच हाय."

यावर मास्तर चष्मा पुसत.

एका चैत्रात पंतांच्या पत्नी चारुशीलाबाईंनी घरी हळदीकुंकू मांडले. गौरीपुढे मांडायला मोठा आरसा हवा होता, म्हणून त्यांनी छापखान्यातला आरसा उचलून नेला. उत्तमरावांना मुखपृष्ठाचे चित्र त्याच दिवशी संपवायचे होते. गाविलगडाच्या बुरुजावर तलवार उपसून उभा असलेला धूम्रनाथ, पानभर, आणि एक अक्षर नाही. उत्तमराव म्हणाले असतील, इतकी वर्षे काढतो आहे, आरसा कशाला? ते रंगात आले आणि सरळ काढत गेले. मला खडूचा स्पर्श होत होता, चित्र सुरेख उतरत होते, आणि तलवार उजव्या हातात होती. मला कळत होते. पण दगडाने सांगावे कसे?

पाचशे प्रती घाईघाईने छापून, शिवून अमरावती, मूर्तिजापूर आणि परतवाड्याला रवाना झाल्या आणि मगच पंतांनी एक प्रत निवांतपणे हातात घेतली. धूम्रनाथाची तलवार डाव्या हातात होती. गालावरचा व्रण दुसऱ्या गालावर गेला होता. पगडीचा लोंबता शेमलासुद्धा बाजू बदलून बसला होता.

पंत ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरे झाले असते. ते एवढेच म्हणाले, "उत्तमराव, लोक हसतील आपल्याला. पुढच्या महिन्यापासून मी नागपूरहून चित्रकार बोलावतो. तेवढा दगड घासून ठेवा आणि मग जा."

उत्तमरावांनी माझ्यावर वाळू टाकली, पाणी शिंपडले आणि घासायचा दुसरा दगड हातात घेऊन तसेच उभे राहिले. अचलपूरची गाडी संध्याकाळची होती. तिथे हार गुंफायची सुई वाट पाहत होती आणि वडिलांचे ते वाक्यही. मित्रांनो, मी शेकडो वेळा घासला गेलो आहे, पण त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. ती माझ्यासाठी नव्हती.

तो दिवस बाजाराचा होता. ओट्यावर मंडळी जमली होती आणि पंत दाराशी खुर्ची टाकून मान खाली घालून बसले होते. केशवरावांनी पुस्तक उघडण्याआधीच मुखपृष्ठ पाहिले आणि हळूच म्हणाले, "चूक झालेली दिसते. तलवार डाव्या हातात आहे."

"द्या इकडे," किसनराव म्हणाले.

त्यांनी चित्र उन्हात धरले, जवळ घेतले, लांब धरले.

"मास्तर, निस्ता हातच नाई. वार ह्या गालावर होता, आता त्या गालावर हाय. शेमला पाहा. कमरेचा खंजीर पाहा. मानूस चुकन तं एखांद्या जागी चुकन. सगळंच्या सगळं बराबर उलटं कसं चुकन?"

"मग काय म्हणणं आहे तुमचं?"

"हा धूम्रनाथ नोय. मांगच्या महिन्यात तुमीच वाचलं ना, राणीच्या आरशातून पडछाया निंघते म्हनून? आरशातला मानूस उलटा असते. आपला गडी तिच्या गुहेत गेला, त्यानं आरशात पाह्यलं. हे त्याची पडछाया हाय. म्या म्हनलं होतं ना, गाठ पडल्याबिगर ऱ्हायनार नाई."

केशवरावांनी पिशवीतून अमरावतीचे पुस्तक काढले. आरशाचे पान शोधले, वाचले, पुन्हा वाचले. मग चष्मा काढून म्हणाले, "किसनराव, हे जुळतं आहे."

मग जो गलका झाला तो विचारू नका. खरा धूम्रनाथ गुहेत अडकला की सुटला? पडछायेला अमृतसेनाने धरले तर काय उपयोग? राणी जिंकली म्हणायची का? ज्यांनी पुस्तक घेतले नव्हते ते घ्यायला आत आले. पुस्तके संपली होती.

इतक्यात उत्तमराव ओल्या हातांनी बाहेर आले. गप्प राहिले असते तरी चालले असते. पण त्यांचा स्वभाव तसा नव्हता.

"किसनराव," ते म्हणाले, "तुमी म्हनता तसं काई नाई. आरसा नोयता म्हनून माह्या हातून चूक झाली. म्या चित्र सरळ काढलं अन् ते उलटं छापलं गेलं. मी आज गावाले वापस चाललो."

किसनरावांनी त्यांच्याकडे पाहिले, मग चित्राकडे पाहिले.

"चूक तुमची असन, उत्तमराव," ते शांतपणे म्हणाले. "त्याची नसन. तो त्या गुहेत गेलाच हाय. तुमाले ठाव नसन, तं त्याले कोन काय करन? अन् तुमी गावाले गेले तं त्याले तिथून काढन कोन?"

कोणी हसले नाही. सगळ्यांना तोच प्रश्न पडला होता. पंत खुर्चीवरून उठले.

"उत्तमराव, दगड घासला का?"

"वाळू टाकली. फिरवला नाई अजून."

"मग वाळू धुऊन काढा आणि वर डिंक लावा. परवा पुन्हा छपाई आहे."

जो दगड घासायचा नसतो त्यावर डिंकाचा थर देतात, म्हणजे चित्र टिकते. माझ्या अंगावर बसलेला तो पहिला डिंक. उत्तमरावांनी हात दोनदा फिरवला आणि डिंक थोडा जाडच बसला.

पुढे पंतांनी हरिहरपंतांना पत्र घातले. हरिहरपंत चिडतील असे वाटले होते, पण त्यांचे उत्तर आले की अमरावतीलाही ओट्याओट्यांवर हीच भांडणे चालली आहेत आणि त्यांची झोप उडाली आहे. दोघांनी मिळून एक जोडअंक काढायचे ठरवले. दोन्ही गावांच्या चाहत्यांनी पत्रे पाठवून जीव नकोसा केला. अमरावतीकरांना राणी जिंकायला हवी होती, अकोलेकरांना धूम्रनाथ. उत्तमरावांनी जोडअंक दुसऱ्या दगडांवर काढला, कारण मला घासायला ते तयार नव्हते. शेवटच्या पानावर आरसा फुटतो, धूम्रनाथ धुरातून निसटतो, राणी भुयारातून निसटते आणि डावखुरी पडछाया मेळघाटाच्या रानात मोकळी सुटते. कोणीच हरले नाही, म्हणून भांडण पुढे चालू राहिले. त्या अंकाची एक प्रत अचलपूरला गेली. महिन्याभराने तिकडून एक टोपली आली. आत मोगऱ्याचा हार होता आणि चिठ्ठी नव्हती. उत्तमरावांनी तो हार माझ्यावर ठेवला आणि बराच वेळ डोळे पुसत बसले.

पण काळ कोणासाठी थांबतो? जस्ताच्या पत्र्यांवर छापायची नवी यंत्रे आली. ती हलकी होती. मला उचलायला दोन माणसे लागत. पंत म्हातारे झाले, छापखाना विकला गेला. माझे भाऊबंद कोणाच्या मोरीत गेले, कोणाच्या पायरीत गेले. उत्तमराव शाळेत चित्रकला शिकवू लागले होते. त्यांच्या खोलीत मला जागा नव्हती, म्हणून त्यांनी मला किसनरावांच्या मळ्यावर पोचवले. गड्यांनी मला विहिरीशी पालथे टाकले आणि मी बरीच वर्षे मातीत तोंड घालून राहिलो. गांडुळांची ओळख झाली. अगदीच वाईट दिवस होते असे म्हणणार नाही, पण दिसत काही नव्हते.

परवा किसनरावांच्या पत्नी गंगूबाईंना मुळे धुवायला सपाट दगड हवा होता. त्यांनी पहार लावून मला उलथे केले आणि वर बादलीभर पाणी ओतले. डिंक कधीच गेला होता, पण तेलकट खडू माझ्यात खोल मुरलेला होता. अंग भिजले आणि चित्र वर आले.

"अवो, इकडे या बरं," गंगूबाई म्हणाल्या. "दगडात मानूस हाय."

किसनराव काठी टेकत आले. पाहता पाहता खाली बसले. मग त्यांनी उत्तमरावांना शाळेतून बोलावून आणले. दोघांचेही केस आता पांढरे आहेत.

"पाहा," किसनराव म्हणाले. "तलवार कोन्या हातात हाय?"

माझ्यावर ते चित्र सरळच होते, मित्रांनो. चुकून सरळ काढलेले. तलवार उजव्या हातात होती.

"उजव्या," उत्तमराव म्हणाले.

"म्हंजे हा खरा. अन् कागदावरचा तो डावखुरा, ते त्याची पडछाया. दोन हायेत. मी तवाच सांगत होतो अन् तुमी म्हनत होते चूक झाली."

शिळाछापात असे का होते हे उत्तमरावांइतके कोणाला ठाऊक? त्यांनी सांगायला तोंड उघडले. मग किसनरावांच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि माझ्यावरून हात फिरवला.

"हो, किसनराव," ते म्हणाले. "दोन हायेत. माहीच समजूत चुकीची होती."

आता मुळे माझ्या कडेवरच धुतात, मधल्या भागाला घासणी लावायची नाही असे किसनरावांनी सांगितले आहे. मी सुखात आहे. तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. माझे भाऊबंद अजून कुठल्या तरी मोरीत, कुठल्या तरी पायरीत तोंड खाली घालून पडले असतील. असा एखादा जड, गुळगुळीत, चपटा दगड दिसला तर त्यावर नुसता पाय देऊन जाऊ नका. दोघे मिळून तो उलटा करा, ओंजळभर पाणी टाका आणि थोडे थांबा. कोणी वर आले, तर तलवार कोणत्या हातात आहे ते नीट बघा आणि आमच्या मळ्यावर येऊन सांगा. किसनराव विचारत असतात.