शेवटच्या फेरीआधी

मुष्टियोद्धा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला, आणि तिनं चित्रपट थांबवला. मग दिवे लावले.

बाबांचा हा शिरस्ता होता. फिल्म क्लबमध्ये हा जुना कृष्णधवल चित्रपट दरवर्षी लागायचा, आणि शेवटच्या फेरीआधी ते सगळ्यांना विचारायचे, आता काय होणार? उत्तर नटांच्या चेहऱ्यांत, हालचालींत शोधायचं, कथेत नाही. बाबा गेल्यानंतरचा हा पहिला खेळ. यंदा राहू दे, असं कुणीतरी म्हणालं होतं. लागणार, आणि तिथंच थांबणार, असं तिनं सांगितलं होतं.

पडद्याकडे पाठ करून ती उभी राहिली.

"बोला. काय होणार?"

उतू जायला आलेल्या दुधाकडे पाहावं, तसे सगळे तिच्याकडे पाहत होते.

"बाबांनी एवढा वेळ दिला नसता."

"हरणार," दातांचे डॉक्टर म्हणाले. "जबडा बघा. तोंड मिटतच नाहीये त्याचं. काय काम केलंय पठ्ठ्यानं!"

"तुम्हाला जबड्यापलीकडे काही दिसतं का हो?" शिंपीकाका म्हणाले. "खांदे बघा. उजवा अजून ताठ आहे."

हशा पिकला.

मागच्या रांगेत, दाराशी आई बसली होती. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. हॉस्पिटलच्या बाकावर बसायची तशीच. यायलाच तयार नव्हती. "तुझ्या बाबांना मार खाणाऱ्यांचं भारी कौतुक. मला नाही बघवत. मध्येच उठले तर अडवू नकोस." बाबा असतानाही दिवे लागले की ती उठून जायची.

"त्याच्याकडेच काय बघत बसलाय सगळे?" आई एकदम म्हणाली. "त्याची बायको बघा ना. दर सामन्याला पर्स छातीशी धरून बसते, आणि शेवटच्या फेरीला निघून जाते. आत्ता तिनं पर्स खाली ठेवली."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "वहिनी, इतक्या वर्षांत आम्हाला हे..."

"म्हणजे काय होणार?" तिनं विचारलं. बाबा विचारायचे तसंच, न हसता.

"म्हणजे बसणार ती. तो जिंको नाहीतर हरो."

तिनं दिवे मालवले, चित्रपट सुरू केला आणि आईशेजारी जाऊन बसली. घंटा वाजली. पहिलाच ठोसा बसला, तशी आईची कोपरं अंगाशी आली. आईला बाहेर पडायला वाट राहावी म्हणून तिनं आपले पाय बाजूला घेतले.

त्या मोकळ्या जागेत आईनं पर्स ठेवली.